न्यू जर्सीच्या राज्य विवरणपत्रात मुलाची वजावट अडते, तेव्हा कुठे पाहावे

दरवर्षी फेब्रुवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत न्यू जर्सीतील मराठी घरांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते. मुलाचे नाव घातले तरी राज्याचा परतावा एका डॉलरनेही हलला नाही, असे कोणी सांगतो. फेडरल विवरणपत्र नाकारले गेले आणि त्याच्या शेपटाला बांधलेले राज्याचेही परत आले, असे दुसरा सांगतो. आणि तिसऱ्याच्या हाती काही महिन्यांनी राज्याच्या कर विभागाचे पत्र पडते, की मुलाविषयीचे पुरावे पाठवा. आमच्या घरी यांतले दोन प्रकार होऊन गेले आहेत, आणि नंतर ओळखीपाळखीच्या लोकांची कागदपत्रे पाहताना एक गोष्ट लक्षात आली: बिघाड राज्याच्या पानावर क्वचितच असतो. तो मागे, फेडरल विवरणपत्रात, मुलाच्या क्रमांकात, नावाच्या स्पेलिंगमध्ये किंवा मुक्कामाच्या दिवसांत असतो, आणि तो तिथे दुरुस्त केल्याशिवाय एनजे-१०४० वर, म्हणजे राज्याच्या विवरणपत्रावर, कितीही खाडाखोड केली तरी उपयोग होत नाही.

प्रथम आपण नेमके काय मागत आहोत हे पाहावे, कारण ‘मुलाची वजावट’ या एका नावाखाली न्यू जर्सीत चार निरनिराळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे प्रत्येक डिपेंडंट (करासाठी आपल्यावर अवलंबून मानलेल्या) मुलामागे उत्पन्नातून १,५०० डॉलर वगळण्याची सूट. दुसरी, महाविद्यालयात पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलासाठी आणखी १,००० डॉलरची सूट. तिसरी, पाच वर्षे किंवा त्याहून लहान मुलासाठी राज्याचे चाइल्ड टॅक्स क्रेडिट, जे २०२३ पासून एका मुलामागे जास्तीत जास्त १,००० डॉलर आहे. चौथी, पाळणाघराच्या खर्चावरचे क्रेडिट, जे फेडरल क्रेडिटचा १० ते ५० टक्के हिस्सा म्हणून मिळते आणि करपात्र उत्पन्न १,५०,००० डॉलरच्या वर गेले की थांबते. पहिल्या दोन गोष्टी उत्पन्नातून वजा होतात, तर शेवटच्या दोन थेट कराच्या रकमेत मिळतात, आणि लोकांची निराशा बहुधा या फरकापाशीच सुरू होते.

हिशेब करून पाहावा. संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्याचे राज्यातील करपात्र उत्पन्न १,२०,००० डॉलर असेल, तर त्यांच्या वरच्या टप्प्याचा दर ५.५२५ टक्के आहे, म्हणून १,५०० डॉलरच्या सुटीने प्रत्यक्षात सुमारे ८३ डॉलर वाचतात. उत्पन्न १,५०,००० डॉलरच्या वर असेल तर ६.३७ टक्क्यांनी सुमारे ९६ डॉलर वाचतात. त्यामुळे सॉफ्टवेअरने राज्याच्या परताव्यात ‘फक्त’ ८३ डॉलर वाढवले, तर तो बिघाड नसून ती सूटच तेवढी आहे.

परतावा अजिबात हलत नाही, तेव्हा

हा प्रकार एडिसन किंवा जर्सी सिटीत राहून मॅनहॅटनमध्ये नोकरी करणाऱ्यांच्या बाबतीत हमखास आढळतो, आणि समजावून सांगायला सर्वांत अवघडही हाच आहे. तुमच्या पगारावर न्यूयॉर्क राज्य अनिवासी म्हणून कर घेते; त्या कराचे क्रेडिट न्यू जर्सी देते, मात्र दोन्ही राज्यांनी कर लावलेल्या उत्पन्नावर न्यू जर्सीचा जेवढा कर झाला असता तेवढ्याच मर्यादेपर्यंत. घरातील सगळे उत्पन्न न्यूयॉर्कमधील पगाराचे असेल आणि तिथला कर जास्त असेल, तर हे क्रेडिट न्यू जर्सीचा कर पूर्णपणे खाऊन टाकते. आता मुलाचे नाव घातल्यावर न्यू जर्सीचा कर ९० डॉलरने कमी होतो खरा, पण त्याच क्षणी क्रेडिटची मर्यादाही तेवढीच खाली येते. कर आधी शून्य होता, आताही शून्यच राहिला. पडद्यावर वरच्या कोपऱ्यातील आकडा तसाच दिसतो, माणूस मुलाचे नाव पुसतो, पुन्हा भरतो, सॉफ्टवेअर बंद करून उघडतो, आणि आकडा काही हलत नाही.

अशा वेळी न्यूयॉर्कचे अनिवासी विवरणपत्र, म्हणजे आयटी-२०३, उघडून पाहावे. तिथे प्रत्येक डिपेंडंटमागे १,००० डॉलरची सूट आहे आणि कर खरोखर तिथेच भरला जात असल्यामुळे तिचा परिणामही तिथेच दिसतो. मात्र न्यूयॉर्कचे मुलांसाठीचे क्रेडिट वर्षभर त्या राज्यात राहणाऱ्यांसाठी असल्यामुळे न्यू जर्सीकराने त्याची वाट पाहू नये. न्यू जर्सीचे चाइल्ड टॅक्स क्रेडिट मात्र कर शून्य असला तरी परत मिळते, म्हणून लहान मूल असलेल्या घराने ‘आपला इथला कर शून्यच आहे’ असे म्हणून राज्याच्या पानाकडे दुर्लक्ष करणे महागात पडते.

या क्रेडिटची मर्यादा करपात्र उत्पन्नावर ठरते, पगारावर नाही. करपात्र उत्पन्न ३०,००० डॉलरपर्यंत असेल तर १,०००, ४०,००० पर्यंत ८००, ५०,००० पर्यंत ६००, ६०,००० पर्यंत ४०० आणि ८०,००० पर्यंत २०० डॉलर असे टप्पे आहेत, आणि पती-पत्नींनी वेगवेगळी विवरणपत्रे भरली तर ते मिळत नाही. समजा, एका कुटुंबाचे राज्यातील उत्पन्न ८४,५०० डॉलर आहे आणि पदरी तीन व चार वर्षांची दोन मुले आहेत. पती-पत्नींचे प्रत्येकी १,००० आणि मुलांचे प्रत्येकी १,५०० मिळून ५,००० डॉलर वजा झाले, की करपात्र उत्पन्न ७९,५०० होते आणि दोन मुलांचे ४०० डॉलर पदरात पडतात. हीच दोन्ही मुले डिपेंडंटच्या यादीत नसतील, तर सुटीही गेल्या आणि क्रेडिटही गेले. शिवाय डिपेंडंटच्या ओळीत मुलाचे जन्मवर्ष विचारलेले असते. तिथे एक आकडा चुकला आणि मूल कागदावर सहा वर्षांचे झाले, तर सॉफ्टवेअर काहीही न बोलता क्रेडिट गाळून टाकते.

मुळात नाव फेडरलवरच नसणे

२०१७ पर्यंत फेडरल विवरणपत्रात प्रत्येक डिपेंडंटमागे ४,०५० डॉलरची सूट मिळत असे. २०१८ पासून ती शून्य झाली. त्यावरून बऱ्याच जणांनी, विशेषतः ज्यांची मुले एच-४ व्हिसावर (एच-१बी वर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) आहेत आणि ज्यांना पूर्ण फेडरल चाइल्ड टॅक्स क्रेडिट मिळत नाही त्यांनी, असा निष्कर्ष काढला की मुलाचे नाव घालण्यात आता अर्थ उरला नाही. हा निष्कर्ष दोन अंगांनी चुकीचा आहे. एक तर एच-४ वरील मुलामागेही ५०० डॉलरचे ‘इतर डिपेंडंट’ क्रेडिट फेडरल विवरणपत्रात मिळते. आणि दुसरे, न्यू जर्सीची १,५०० डॉलरची सूट फेडरल नियमांनी डिपेंडंट ठरणाऱ्या मुलासाठीच आहे. म्हणजे रक्कम शून्य झाली, पण डिपेंडंट ही व्याख्या जिवंत आहे आणि राज्य तिच्यावरच उभे आहे. फेडरलमध्ये मुलाला वगळून फक्त राज्याच्या विवरणपत्रात त्याचे नाव घातले, तर पुराव्याचे पत्र येण्याची ती थेट सोय होते.

एच-४ वरील मुलाला सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळत नाही, म्हणून त्याच्यासाठी आयटीआयएन, म्हणजे केवळ करापुरता क्रमांक, काढावा लागतो, आणि वर्षानुवर्षे सर्वाधिक फायली इथेच अडतात. अर्ज डब्ल्यू-७ या नमुन्यावर करायचा असतो, तो कागदी फेडरल विवरणपत्राला जोडून टेक्सासमधील ऑस्टिनला पाठवायचा असतो, आणि सोबत मूळ पासपोर्ट किंवा पासपोर्ट देणाऱ्या कार्यालयाने प्रमाणित केलेली प्रत लागते. मूळ पासपोर्ट टपालात टाकायला जीव धजत नसेल, तर आयआरएसने, म्हणजे फेडरल कर खात्याने, मान्यता दिलेल्या प्रमाणन एजंटकडे जावे. तो मुलाचा पासपोर्ट आणि जन्मदाखला तिथेच पाहून परत देतो. एजंटाची फी मला आजही जास्त वाटते, पण पासपोर्ट दोन-अडीच महिने हातात नसताना भारतातून आजारपणाचा फोन आला तर काय, हा विचार केला की ती देऊन टाकावी असे माझे मत आहे.

आमच्या मुलीचा पहिला अर्ज परत आला तो पासपोर्ट खोटा किंवा जुना होता म्हणून नव्हे, तर त्यात प्रवेशाची तारीख नव्हती म्हणून. डिपेंडंटच्या बाबतीत पासपोर्ट एकटा चालतो तो अमेरिकेत प्रवेश केल्याची तारीख त्यात असेल तरच, आणि हल्ली अनेक विमानतळांवर शिक्का मारतच नाहीत. आम्ही पानन् पान उलटून पाहिले: व्हिसाचे पान होते, मुंबईहून निघतानाचा शिक्का होता, आणि नेवार्कच्या नावाने काहीच नव्हते. अशा वेळी सहा वर्षांखालील मुलासाठी इथल्या डॉक्टरकडील वैद्यकीय नोंद आणि शाळेत जाणाऱ्या मुलासाठी इथल्या शाळेची नोंद जोडावी लागते. दुसऱ्या अर्जाला आम्ही बालरोगतज्ज्ञाकडून लसीकरणाची नोंद मुलीच्या पूर्ण नावासह आणि घरच्या पत्त्यासह काढून जोडली, आणि क्रमांक आला. हा दोष सर्वस्वी आमचाच होता. डब्ल्यू-७ च्या सूचनांत तो नियम स्पष्ट लिहिलेला आहे.

आयटीआयएन यायला साधारण सात आठवडे लागतात, आणि जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतच्या गर्दीत नऊ ते अकरा. तोपर्यंत राज्याच्या विवरणपत्राचे काय करावे, हा प्रश्न साहजिकच येतो. क्रमांकाच्या जागी शून्ये किंवा मनाने रचलेला क्रमांक कधीही टाकू नये. प्रश्न केवळ १,५०० डॉलरच्या सुटीचा असेल, तर राज्याचे विवरणपत्र मुलाला वगळून वेळेत भरावे आणि क्रमांक आल्यावर एनजे-१०४०-एक्स भरून दुरुस्ती करावी. ८३ डॉलरसाठी सगळे विवरणपत्र टांगून ठेवण्यात शहाणपण नाही. पाच वर्षे किंवा त्याहून लहान मुलाचे क्रेडिट मिळण्यासारखे असेल, तर मात्र मुदतवाढ घेणे बरे. न्यू जर्सीची सहा महिन्यांची मुदतवाढ मान्य होण्यासाठी एकूण कराच्या किमान ८० टक्के रक्कम एप्रिलच्या तारखेपर्यंत भरलेली असावी लागते, आणि पगारातून पुरेसा कर कापला गेला असेल तर ही अट बहुधा आपोआप पूर्ण झालेली असते.

क्रमांक आल्यावरही दोन खाचखळगे आहेत. सलग तीन वर्षे फेडरल विवरणपत्रात न वापरलेला आयटीआयएन बाद होतो, आणि ‘सूट शून्य आहे’ म्हणून मुलाचे नाव न घालणाऱ्यांचे क्रमांक नेमके असेच गेले. दुसरा असा, की ग्रीन कार्ड मिळाल्यावर मुलाला सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळतो, पण सॉफ्टवेअर गेल्या वर्षीचा आयटीआयएन निमूटपणे पुढे ओढते. तो बदलला नाही, तर ५०० डॉलरच्या जागी २०२५ पासून २,२०० डॉलर असलेले फेडरल क्रेडिट हातचे जाते, आणि राज्याच्या विवरणपत्रातही जुनाच क्रमांक उतरतो.

आडनावाची चार अक्षरे

फेडरल विवरणपत्र ई-फाइल करताना डिपेंडंटचा क्रमांक आणि आडनावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे सरकारी नोंदीशी ताडून पाहिली जातात. ती जुळली नाहीत, तर विवरणपत्र नाकारले जाते आणि त्याला जोडलेले राज्याचेही पुढे सरकत नाही. मराठी आडनावांचे रोमन लेखन हा आपला घरगुती गोंधळ असल्यामुळे ही चूक आपल्याकडे जरा जास्तच होते. क्षीरसागर हे आडनाव घ्या. वडिलांच्या पासपोर्टवर ते के, एस, एच, आय असे सुरू होते. इथे जन्मलेल्या मुलाच्या जन्मनोंदीत आईने ते के, एस, एच, ई, ई असे लिहून दिले. चौथे अक्षर बदलले आणि जुळणी मोडली. सॉफ्टवेअर मुलाच्या नावापुढे वडिलांचे आडनाव आपणहून भरते, ते कोणी मुलाच्या कार्डाशी ताडून पाहत नाही, आणि नकार आल्यावर सगळे जण क्रमांक पुन्हा पुन्हा तपासत बसतात, जो पहिल्यापासून बरोबर असतो.

याचा दुसरा अवतार म्हणजे मधले नाव. आपण मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे लिहितो. आमचे विवरणपत्र एका वर्षी ज्यांच्याकडून भरून घेतले, त्यांनी मुलीच्या आडनावाच्या रकान्यात माझे पहिले नाव टाकले होते, कारण त्यांच्या फॉर्मवर ती ओळ अर्धीच मावली होती. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो, मग व्हिसावर सगळे नाव आडनावाच्या जागी जाते आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (पहिले नाव अज्ञात) येते. या सर्वांवर उपाय एकच आहे: पासपोर्ट, शाळेचा दाखला किंवा आठवण बाजूला ठेवून सोशल सिक्युरिटी कार्ड किंवा आयटीआयएनचे पत्र समोर ठेवावे आणि त्यावर जसे छापले आहे तसेच, अक्षर न अक्षर, भरावे. कार्डावरच चूक असेल तर आधी कार्ड दुरुस्त करून घ्यावे.

दिवसांचा हिशेब

भारतीय नागरिक असलेले मूल डिपेंडंट ठरण्यासाठी ते त्या वर्षी करदृष्ट्या अमेरिकेचे रहिवासी असावे लागते. केवळ त्याच वर्षीचे दिवस मोजायचे असतील तर १८३ दिवस भरावे लागतात, आणि २ जुलैला उतरलेल्या मुलाचे ३१ डिसेंबरपर्यंत बरोबर १८३ दिवस होतात. शाळेचे वर्ष संपवून जुलैच्या अखेरीस आईबरोबर आलेले मूल त्यामुळे पहिल्या वर्षी सामान्यतः बसत नाही. पहिल्या वर्षाच्या निवडीची एक वेगळी तरतूद आहे, पण तिच्या अटी जाणकाराकडून तपासूनच ती वापरावी. एफ-१ वरील विद्यार्थ्याबरोबर एफ-२ वर आलेल्या मुलाचे दिवस साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षे मोजलेच जात नाहीत. पुण्यात आजी-आजोबांकडे ठेवलेले भारतीय नागरिक मूल कितीही पैसे पाठवले तरी डिपेंडंट होत नाही, मात्र तेच मूल अमेरिकन नागरिक असेल तर वेगळ्या कसोटीने ‘इतर डिपेंडंट’ म्हणून बसू शकते, आणि मग एनजे-१०४० वर ते दहाव्या ओळीत न जाता अकराव्या ओळीत जाते.

न्यू जर्सीत वर्षाच्या मध्यात राहायला आलेल्यांची सूट महिन्यांच्या प्रमाणात कापली जाते, आणि १५ किंवा अधिक दिवस राहिलेला महिना पूर्ण धरला जातो. टेक्सासहून २० ऑगस्टला आलेल्याचे ऑगस्टमध्ये १२ दिवस होतात, म्हणून चार महिने धरून एका मुलामागे ५०० डॉलर मिळतात. १५ ऑगस्टला आलेल्याला पाच महिन्यांचे ६२५ मिळतात. १,५०० च्या जागी ५०० दिसले की सॉफ्टवेअर चुकले असे वाटते, पण ते बरोबर असते.

महाविद्यालयातील मूल आणि त्याचे स्वतःचे विवरणपत्र

पूर्णवेळ विद्यार्थी फेडरल नियमाने २४ वर्षांचा होईपर्यंत डिपेंडंट राहू शकतो, पण न्यू जर्सीची जादा १,००० डॉलरची सूट वर्षअखेरीस तो २२ वर्षांखालील असेल तरच मिळते. म्हणून शेवटच्या वर्षात ती अचानक नाहीशी होते आणि १,५०० ची मात्र राहते. याशिवाय वर्षातील किमान पाच महिन्यांत तो पूर्णवेळ शिकत असावा आणि शिक्षण व राहण्याच्या खर्चाचा निम्मा किंवा अधिक भाग आई-वडिलांनी उचललेला असावा लागतो.

या वयातील मुलांमुळे होणारा नकार तर जवळजवळ ठरलेला असतो. मुलाने उन्हाळ्यात नोकरी केलेली असते, कापलेले २०० डॉलर परत मिळावेत म्हणून तो वसतिगृहातून फोनवर स्वतःचे विवरणपत्र भरून मोकळा होतो, आणि ‘दुसरे कोणी मला डिपेंडंट म्हणून दाखवू शकते’ या चौकटीत खूण करायचे विसरतो. महिन्याने आई-वडिलांचे विवरणपत्र परत येते, कारण तो क्रमांक आधीच वापरला गेलेला असतो. मुलाने १०४०-एक्स भरून ती खूण दुरुस्त करावी हा सरळ मार्ग आहे. तोवर थांबायचे नसेल, तर मुख्य करदात्याने आयआरएसकडून ओळख-संरक्षण पिन घेऊन तो विवरणपत्रात टाकावा. २०२५ च्या हंगामापासून असा पिन असलेले विवरणपत्र त्या कारणाने नाकारले जात नाही. गंमत म्हणजे न्यू जर्सीत मूल आई-वडिलांचे डिपेंडंट असले तरी स्वतःच्या विवरणपत्रात स्वतःची १,००० डॉलरची सूट घेऊ शकते, त्यामुळे फेडरल दुरुस्त करताना राज्याचे उगाच बदलू नये. विभक्त आई-वडिलांच्या बाबतीत दोघांनी एकच मूल दाखवल्याने हाच नकार येतो. मूल ज्याच्याकडे जास्त रात्री राहते त्याने फॉर्म ८३३२ वर (दुसऱ्या पालकाला हक्क देण्याच्या नमुन्यावर) सही करून दिल्याखेरीज दुसऱ्याने ते दाखवू नये.

पुराव्याचे पत्र आले तर

पत्र आले म्हणजे चोरी पकडली असे नव्हे. त्यावर दिलेल्या मुदतीत मुलाच्या क्रमांकाच्या पत्राची किंवा कार्डाची प्रत, जन्मदाखला, आणि मूल त्याच पत्त्यावर राहत होते हे दाखवणारी शाळेची किंवा डॉक्टरची त्या वर्षीची नोंद पाठवावी. जन्मदाखला फक्त मराठीत असेल, तर इंग्रजी भाषांतर जोडावे. महाराष्ट्रातील बऱ्याच नगरपालिकांचे दाखले दोन्ही भाषांत असतात, तेव्हा भाषांतराचे पैसे देण्याआधी दाखला एकदा नीट पाहून घ्यावा. दाखल्यावर मुलाचे नाव नोंदवलेलेच नसेल, तर प्रथम नगरपालिकेत नाव नोंदवून नवा दाखला मागवावा लागतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून त्याच दिवशी राज्याच्या कर विभागाला तसे लेखी कळवून मुदत वाढवून मागावी. जुन्या वर्षांत मुलाचे नाव घालायचे राहून गेले असेल, तर विवरणपत्र भरल्यापासून साधारण तीन वर्षांपर्यंत एनजे-१०४०-एक्सने परतावा मागता येतो, पण त्या वर्षीचे फेडरल विवरणपत्र आधी दुरुस्त करून त्याची प्रत हाताशी ठेवावी.